लहानूभाऊंची बोट आणि गुणाबाईंच्या म्हशी

कांताबाईंनी मुदत दिली ती धान अंगणात येईपर्यंतची.

"पाण्यात तरंगली तं ठेव," त्या लेकीला, हर्षाला म्हणाल्या, "नाई तं गुणाबाई घेऊन जाते." आणि सुपातल्या तांदळातून एक खडा उचलून त्यांनी तो बोटीच्या दिशेने भिरकावला.

खडा आणि बोट यांचा संबंध सांगायला हवा. वडशाच्या त्या घराला अंगण एकच, आणि गेलं वर्षभर त्यात बोट उभी होती. चौदा फूट लांब, फायबरची, कधीकाळी नारिंगी, आपल्या ट्रेलरवर नाक वर करून बसलेली. त्यामुळे मागच्या हंगामात धान वाळवायला जागा उरली नाही. ते डांबरी रस्त्यावर पसरावं लागलं. त्यावरून दोन जीपगाड्या आणि एक वरात गेली, आणि धानात अशी बारीक गिट्टी मिसळली की पुढे वर्षभर त्या घरात कोणी निश्चिंत मनाने घास चावला नाही. दाताखाली कट्ट वाजलं की कांताबाई खिडकीतून बोटीकडे बघत.

बोट लहानूभाऊंची, म्हणजे हर्षाच्या बाबांची. सरकारी वर्कशॉपात मेकॅनिक म्हणून त्यांची नोकरी झाली आणि निवृत्त झाले त्याच वर्षी लिलावात त्यांनी ही पुरातल्या मदतीची जुनी बोट घेतली. लिलावाच्या कागदावर ‘निकामी, वापरण्यास अयोग्य’ असं स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं. लहानूभाऊंनी ते वाक्य आव्हान म्हणून वाचलं आणि पुढची अकरा वर्षं ती बोट वैनगंगेत चालवून दाखवली. गेल्या वर्षी पोळ्यानंतर आठ दिवसांनी ते गेले. बोटीवरची ताडपत्री त्यांनीच बांधलेली होती. तिची गाठ वर्षभर कोणी सोडली नव्हती.

आता गुणाबाई. त्या शेजारच्या. त्यांच्याकडे चार म्हशी, एक ट्रॅक्टर आणि प्रत्येक विषयावर एक मत होतं. बोटीचा खरा उपयोग त्यांना फार पूर्वीच दिसला होता. इंजिन काढायचं, ट्रेलर भंगारात द्यायचा आणि उरलेला भाग गोठ्यात ठेवायचा, की चारी म्हशी एका ओळीत पाणी पितील. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या येऊन बोट हाताने मोजूनही गेल्या. नऊ हात भरली. म्हशीमागे दोन हात, आणि एक हात वासराला. हिशेब इतका चोख बसल्यावर माणसाला ती वस्तू आपलीच वाटू लागते, यात गुणाबाईंचा दोष नाही.

हर्षा गावच्या कॉलेजात ग्रंथपाल होती. जगात जी अडचण आहे तिच्यावर कुठेतरी पुस्तक आहे आणि ते योग्य क्रमांकाच्या कपाटात आहे, अशी तिची श्रद्धा होती. मोटरबोटीवर कॉलेजात पुस्तक नव्हतं. सर्वांत जवळचं होतं ते प्राचीन सागरी व्यापारावरचं. ते तिने दोन रात्रींत वाचून काढलं. त्यातून लवंग, मिरी आणि मोसमी वारे यांची उत्तम माहिती मिळाली. मग तिने मोबाइलवर व्हिडिओ पाहिले. त्यांत पांढऱ्या दाढीचे एक परदेशी गृहस्थ पांढरे स्वच्छ हातमोजे घालून इंजिन उघडत आणि प्रत्येक वेळी सांगत की हा भाग बदलायचा असेल तर जवळच्या किनाऱ्यावरच्या दुकानात जा. वडशाहून जवळचा किनारा म्हणजे पाचशे किलोमीटरचा प्रवास होता.

पहिल्या रविवारी तिने ताडपत्रीची गाठ सोडायला घेतली. अर्धा तास लागला. गुणाबाईंनी कुंपणावरून विळा पुढे केला, तो तिने घेतला नाही.

आत बोट होती तशीच होती. मधोमध बोल्ट मारून बसवलेली जीपची गादीची सीटही होती. ती लहानूभाऊंनी पहिल्याच वर्षी कांताबाईंसाठी बसवली, कारण लाकडी फळीवर बसलं की कंबर धरते असं त्या म्हणाल्या होत्या. सीट बसवून झाल्यावर त्या म्हणाल्या की पाण्याची भीती वाटते. अकरा वर्षांत त्या एकदाही बोटीत चढल्या नाहीत. सीटवरचं प्लास्टिक अजून निघालेलं नव्हतं.

नव्हतं ते बूच. अशा बोटीच्या मागच्या अंगाला, अगदी बुडाशी, अंगठा जाईल एवढं भोक असतं. बोट काठावर काढली की साचलेलं पाणी त्यातून सोडून देतात आणि पाण्यात घालायच्या आधी भोक बुचाने बंद करतात. बूच पितळेचं होतं एवढं हर्षाला आठवत होतं. ते कुठे असतं हे तिने बाबांना कधी विचारलं नव्हतं. न विचारलेल्या गोष्टींची यादी या वर्षात बरीच लांबली होती, तीत तिने बूच घातलं. आईला विचारलं तर, "मले काय माहीत तुह्या बापाचं सामान," असं म्हणून कांताबाई चुलीपाशी गेल्या.

काम ट्रेलरपासून सुरू व्हायचं होतं, पण ट्रेलरवर दोडक्याचा वेल चढला होता. वर्षभर एका जागी उभ्या असलेल्या वाहनाला कांताबाईंनी मांडवाचा दर्जा दिला होता. वेलाला चार दोडके लागलेले. ते पुरते वाढल्याशिवाय वेलाला हात लावायचा नाही असं ठरलं, आणि मुदतीतले सहा दिवस दोडक्यांत गेले. भाजी चांगली झाली. त्यातही एक खडा निघाला.

मग इंजिन. ते मागच्या बाजूला लटकणारं, दोरी ओढून सुरू करायचं, पंचवीस घोड्यांचं. त्यातले किती घोडे हयात आहेत ते उघडल्यावरच कळणार होतं. हर्षाने झाकण काढलं. जिथून धूर बाहेर पडतो तिथे कुंभारमाशीने मातीचं पक्कं घर बांधलेलं. टाकीतल्या पेट्रोलची काकवी झालेली. झाकणाच्या आतल्या बाजूला लहानूभाऊंच्या अक्षरात लाल रंगाने लिहिलेलं होतं: ‘दोनदा ओढा. थांबा. मग ओढा. शिव्या देऊ नये.’ हर्षा ते बराच वेळ वाचत बसली. चार वाक्यांना एवढा वेळ लागत नाही, पण ग्रंथपाल लोक सावकाश वाचतात.

तिने कार्बोरेटर उघडून साफ केला, फुटलेली नळी बदलली, प्लग घासला. चार स्क्रू परत लावताना उरले. ते तिने एका वाटीत ठेवले आणि वाटीवर तारीख टाकली. असं इंजिन कोरडं चालवून चालत नाही, त्याचं खालचं अंग पाण्यात असावं लागतं. त्यासाठी तिने धान उकडायचा मोठा ड्रम घेतला, पाण्याने भरला आणि इंजिन त्यात उभं केलं. दोनदा ओढलं. थांबली. मग ओढलं. काही नाही. असं चौदा वेळा झालं. मधल्या काळात कुंपणापाशी सात माणसं जमली आणि प्रत्येकाने आपापल्या मोटरसायकलच्या अनुभवावरून सल्ला दिला. पंधराव्या वेळी इंजिनाने एक खोकला काढला, कुंभारमाशीचं घर गोळीसारखं गुणाबाईंच्या भिंतीवर जाऊन आपटलं, आणि मग असा आवाज झाला की रस्त्यावरची कुत्री परगावी गेली. पंख्याने ड्रममधलं पाणी क्षणात वर उडवलं आणि ते सातही सल्लागारांवर समान वाटलं गेलं.

हर्षा नखशिखांत भिजली. पण वर्षभरात ती पहिल्यांदा मोठ्याने हसली, हे स्वयंपाकघराच्या दारातून कांताबाईंनी पाहिलं. त्यांनी एवढंच विचारलं की आता पेट्रोलच्या ड्रमात धान कसं उकडायचं.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. बोट नदीत घालायला परवानगी लागते असं हर्षा सोडून कोणालाही वाटत नव्हतं. लहानूभाऊंनी अकरा वर्षांत कोणाला विचारलं नव्हतं. पण हर्षा अशा बायांपैकी की ज्या रिकाम्या रस्त्यावरही डाव्या बाजूने चालतात. तिने अर्ज लिहिला, अर्धी रजा टाकली आणि निघाली.

पहिल्या कार्यालयात कळलं की नदी त्यांच्याकडे नाही. दुसऱ्यात कळलं की नदी त्यांच्याकडे आहे, पण फक्त पाणी, पाण्यावर जे तरंगतं ते नाही. तिसऱ्यात बोटींचा विषय होता. तिथल्या साहेबांनी आस्थेने विचारलं की तुम्ही मासे धरता का. नाही म्हटल्यावर त्यांची खरोखर निराशा झाली. चौथ्या कार्यालयाने एक मूलभूत प्रश्न काढला. अलीकडचा काठ गडचिरोली जिल्हा, पलीकडचा चंद्रपूर. तेव्हा इथून परवानगी मिळालीच तर ती अर्ध्या नदीपर्यंतच चालेल. अर्धी नदी कुठे संपते, असं हर्षाने विचारलं. ते पाण्यावर अवलंबून आहे, असं उत्तर मिळालं.

पाचव्या टेबलावर चंचल नावाची तरुण कारकून होती. तिने लिलावाचा कागद दोनदा वाचला. मग तिने जे मांडलं ते हर्षाला कोणत्याही कायद्याच्या पुस्तकापेक्षा स्पष्ट वाटलं. कागदावर बोट निकामी आहे, म्हणून ती चालवायला परवानगी देता येत नाही. पण निकामी बोट चालणारच नाही, म्हणून ती चालवायला मनाईही करता येत नाही. तेव्हा अर्जाच्या प्रतीवर ‘आवक’चा शिक्का मारून द्यावा हे उत्तम. शिक्का मारता मारता तिने नाव पाहिलं.

"लहानूभाऊच्या कोण तुमी?"

"मुलगी."

"माह्या आजीले पुरातून त्यायनंच आणलं होतं," चंचल म्हणाली. "बकरीसकट. आजी म्हणे, बकरीले सोडून येत नाई. तं ते म्हणे, आण, तिकीट लागत नाई." आणि शिक्का नीट उमटला नाही म्हणून तिने तो आणखी एकदा मारला.

हर्षा दोन शिक्क्यांची प्रत घेऊन घरी आली तेव्हा बापूजी अंगणात बसून बोट निरखत होते. पूल व्हायच्या आधी चाळीस वर्षं त्यांनी घाटावर लाकडी डोंगा चालवला होता. पूल झाल्यापासून ते पुलाकडे पाठ करून बसत. लहानूभाऊंशी त्यांची दोस्ती होती, मोटरशी नव्हती. त्यांनी बुचाऐवजी बाभळीच्या लाकडाची छान खुंटी तासून आणली होती आणि ती भोकात ठोकूनही दिली होती. मग त्यांनी बोटीच्या बुडावर हात फिरवला आणि निदान केलं.

"वर्षभर उन्हात आहे. तहानली आहे ते. पाणी पाज."

आता डोंग्याच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं आहे. उन्हाळाभर काठावर पडलेल्या डोंग्याच्या फळ्या आकसतात, फटी पडतात. तो चार दिवस पाण्यात बुडवून ठेवला की लाकूड फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. वैनगंगेच्या दोन्ही काठांवर हेच करत आलेले आहेत. फायबर फुगत नाही हे हर्षाला माहीत होतं. पण तोवर पुस्तकं तिच्या एकदाही कामी आली नव्हती, आणि या सगळ्या प्रकरणात ठाम आवाजात बोलणारं माणूस बापूजींशिवाय दुसरं नव्हतं. शिवाय बाबा यांचं ऐकत. तिने नळी लावली.

संध्याकाळपर्यंत बोट काठोकाठ भरली. सकाळी हर्षा अंगणात आली तर बोट फुगली नव्हती, पण बुडातून चार ठिकाणी पाण्याच्या बारीक धारा लागल्या होत्या. हे एक प्रकारे यशच होतं. वर्षभर शोधून जी छिद्रं सापडली नसती ती स्वतःहून पुढे आली होती. हर्षाने खडूने चारही ठिकाणी गोल केले. गुणाबाईंच्या दोन म्हशी कुंपण ओलांडून आल्या होत्या आणि बोटीत तोंड घालून शांतपणे पाणी पीत होत्या. गुणाबाई त्यांना हाकलायला आल्या आणि हाकलायचं विसरून बघतच राहिल्या.

"पाह्य," त्या म्हणाल्या, "उंची बी बराबर आहे."

आता पाणी सोडून द्यायचं होतं. बापूजींनी खुंटी ओढली. खुंटी निघेना. फायबर फुगलं नव्हतं, पण बाभूळ मात्र फुगली होती. रात्रभर पाणी पिऊन ती भोकात अशी घट्ट बसली होती की बापूजींच्या चेहऱ्यावर चिंता आणि अभिमान दोन्ही दिसले. पटाशी आणतो म्हणून ते घरी गेले. ते रस्त्याच्या वळणावर असतील तेवढ्यात ट्रेलरमधून एक लांब कण्हणं ऐकू आलं. लहानूभाऊंनी तो जीपच्या जुन्या आसावर बांधला होता, रिकाम्या बोटीच्या वजनाच्या मानाने. बोटीत त्या वेळी हजार लीटरच्या वर पाणी होतं. आस मधोमध वाकला, दोन्ही चाकं बाहेरच्या बाजूला फाकली, आणि ट्रेलर बैलाने गुडघे टेकावेत तसा सावकाश खाली बसला. बोट कलली. म्हशींनी तोंडं वर केली. पुढच्याच क्षणी सगळं पाणी अंगणातून स्वयंपाकघरात गेलं आणि चूल विझवून मागच्या दाराने बाहेर पडलं.

म्हशी आपण होऊन परत गेल्या.

हर्षा ओट्याच्या कडेवर बसली. हातात खडू होता. आपण रडतो आहोत असं तिला वाटलं, पण तपासून पाहिलं तर ती रडत नव्हती. गुणाबाई मऊ आवाजात म्हणाल्या की जाऊ दे पोरी, तू खूप केलं, आता मी ट्रॅक्टर आणते आणि हे घेऊन जाते, तुझ्याही डोळ्यांसमोर नको. त्या हे मनापासून म्हणत होत्या, त्यामुळे ते जास्त लागलं. हर्षाने मान डोलावली. बहुधा होकाराचीच.

आत कांताबाई खराट्याने पाणी लोटत होत्या. खराटा थांबला.

"धान यायले आठ दिवस आहेत अजून," त्या आतूनच म्हणाल्या, आणि खराटा परत सुरू झाला.

दुसऱ्या दिवशी रोशन आला. वडशात दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम सुरू होतो, आणि रोशन एका नाटक मंडळीचं नेपथ्य करायचा. राजवाडे, जंगलं, जेलखाने, फायबरचे मोर, सगळं तो बनवायचा. त्याच्या मंडळींचा जनरेटर एकदा ऐन तिसऱ्या अंकात बंद पडला होता आणि तो लहानूभाऊंनी बॅटरीच्या उजेडात चालू करून दिला होता. त्या रात्री नायिका अंधारात पंधरा मिनिटं मरायची थांबली होती, असं रोशन अजून सांगायचा. त्याने आस काढून नेला, ज्या भट्टीत स्टेजच्या लोखंडी चौकटी सरळ करतात तिथे तो सरळ केला, वरून आणखी एक पट्टी मारली आणि चाकांच्या बेअरिंगात नवं ग्रीस भरलं. मग खडूच्या चारही गोलांवर फायबरचं कापड आणि डिंकासारखं ते वासाचं रसायन लावून ठिगळं दिली. त्याच्याकडे सोनेरी सोडून दुसरा रंग शिल्लक नव्हता, कारण या वर्षी नाटकात राजवाडा होता. त्यामुळे बोटीच्या बुडावर चार सोनेरी ठिगळं झळकू लागली. ती पाण्याखाली जाणार होती ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट.

एकच गोष्ट रोशनने मागितली. ती जीपची सीट. राजाच्या सिंहासनाला ती अगदी बरोबर बसत होती, आणि तसंही बोटीत ती उगीच वजन करते असं बापूजींचंही मत पडलं. हर्षा म्हणाली की बाकी काहीही घे. रोशनने सीटवरच्या प्लास्टिककडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही.

शेवटच्या रविवारी बोट नदीवर निघाली. ओढायला ट्रॅक्टर गुणाबाईंचाच होता. त्यांनी तो आनंदाने दिला होता, कारण बोट बुडाली तर ती परत आणायला ट्रॅक्टर लागणारच होता. त्यांनी सोबत जाड दोर, दोन बांबू आणि आपला ड्रायव्हर घेतला. कांताबाई येणार नव्हत्या. धान दोन दिवसांवर आलं होतं, अंगण सारवायचं होतं. पण ट्रॅक्टर निघताना त्या चप्पल घालून बाहेर आल्या आणि गुणाबाईंच्या शेजारी चाकावरच्या मडगार्डवर चढून बसल्या. का, ते कोणी विचारलं नाही. त्यांना कोणी विचारत नसे.

घाटावर डोहाला चांगलं पाणी होतं. ड्रायव्हरने ट्रेलर मागे मागे घेत पाण्यात घातला. हर्षा आत चढली. दोन शिक्क्यांचा कागद तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरला होता. बोट ट्रेलरवरून सुटली, हलली, आणि तरंगली. काठावर कोणीतरी टाळी वाजवली. मग हर्षाच्या पायांना गार लागलं.

चारही सोनेरी ठिगळं धड होती. पाणी येत होतं ते बुचाच्या भोकातून. जुनी खुंटी पटाशीने फोडून काढावी लागली होती. बापूजींनी नवी केली होती, तशीच बाभळीची, पण ती कोरडी होती आणि बाजूने पाझरत होती.

"फुगते आता," बापूजी काठावरून म्हणाले. "धीर धर. लाकूड आहे ते, त्याले टाइम दे."

पाणी घोट्यापर्यंत आलं. बापूजी धीर धरून होते. गुणाबाईंनी दोराला फास घालायला घेतला. हर्षा वाकून दोन्ही हातांनी खुंटी दाबत राहिली आणि मनात बाबांचं वाक्य म्हणत राहिली, ते थांबा असलेलं. पाणी पिंढरीला लागलं तेव्हा तिने काठाकडे पाहिलं.

कांताबाई लुगड्याचा काष्टा खोचून पाण्यात उतरल्या होत्या. गुडघाभर पाण्यात येऊन त्यांनी बोटीची कड धरली, पदराची गाठ दातांनी सोडली आणि आत जे होतं ते हर्षाच्या हातावर ठेवलं. पितळेचं बूच. घासून लख्ख केलेलं.

"काढ ते लाकूड," त्या म्हणाल्या.

हर्षाने खुंटी उपटली, बूच लावून फिरवलं, आणि पाणी थांबलं. बापूजी डोक्यावरची टोपी सरळ करत दुसरीकडे बघू लागले.

"कुठी होतं हे?" हर्षाने विचारलं.

"माह्यापाशीच राहे. नदीवरून आला का माह्या हातात देत होता. म्हणे, मी हरवतो, तू ठेव." कांताबाईंनी बोटीतलं पाणी पाहिलं. "आता उपस ना. पाह्यत काय राह्यली?"

डब्यांनी पाणी उपसलं. मग सगळ्यांच्या देखत, अकरा वर्षं आणि वर एक वर्ष ज्या बाईला पाण्याची भीती वाटत होती ती बोटीत चढली आणि मधल्या सीटवर बसली. प्लास्टिक करकरलं. त्यांनी सीटच्या कडेला हात लावून पाहिला, गादी दाबली, पाठ टेकली.

"कंबर नाई धरत," त्या म्हणाल्या.

हर्षाने दोनदा ओढलं. थांबली. मग ओढलं. इंजिन लागलं. आवाजाने पुलावरची दोन माणसं कठड्यापाशी आली. बोट नाक वर करून डोहातून निघाली, मागे पांढरी रेघ सोडत, आणि गुणाबाई दोराचा फास हातात घेऊन लहान लहान होत गेल्या. कांताबाईंनी पदर घट्ट धरला होता आणि डोळे उघडे ठेवले होते. एवढं पाणी असेल असं काठावरून वाटत नाही, असं त्या म्हणाल्या असाव्यात. इंजिनाच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही.

बरोबर अर्ध्या नदीत, जिथे एक परवानगी संपत होती आणि दुसरी घेतलेली नव्हती, तिथे इंजिन खोकलं आणि बंद पडलं.

एकदम इतकी शांतता झाली की पाण्याचा आवाज ऐकू आला. हर्षाने ओढलं, थांबली, ओढलं. झाकणावरच्या चौथ्या सूचनेचं महत्त्व तिला आज कळलं. वाटीतले चार स्क्रू तिच्या डोळ्यांपुढे आले, तारखेसकट. शेवटी ती फळीवर बसली. काठावर गुणाबाईंनी हात कपाळावर धरून पाहिलं आणि त्या ड्रायव्हरला काहीतरी समजावू लागल्या. बहुधा गोठ्यात जागा कुठे करायची ते.

"चालत नाही, आई," हर्षा म्हणाली. "ठरल्याप्रमाणे गुणाबाईंना..."

"मी तरंगली तं म्हटलं होतं," कांताबाई म्हणाल्या. "चालली तं कवा म्हटलं?"

बोट प्रवाहाच्या लयीत हळूहळू वळत होती. एकदा नाक गडचिरोलीकडे, एकदा चंद्रपूरकडे. कांताबाईंनी हात खाली सोडून पाण्याला बोटं लावली आणि तिथेच ठेवली.

बापूजी दुसऱ्याच्या डोंग्यातून त्यांना आणायला आले. एका वल्ह्याने मोटरबोट ओढत नेताना त्यांचा चेहरा पाहण्यासारखा होता. पूल झाल्यापासून इतका न्याय त्यांना कोणी दिला नव्हता.

काठावर बोट पुन्हा ट्रेलरवर चढली. गुणाबाईंनी दोराची गुंडाळी करून ठेवली आणि त्या कोणाकडे बघेनात. धान दोन दिवसांवर होतं आणि अंगण रिकामं करायचंच होतं. कांताबाई त्यांच्यापाशी जाऊन म्हणाल्या की धान होईपर्यंत महिनाभर बोट तुमच्याच गोठ्यात राहू द्या, ताडपत्री टाकून, तुमच्याइतकी राखण दुसरं कोणी करणार नाही. फक्त म्हशींना तीत पाणी पाजायचं नाही. गुणाबाईंनी विचार केला. मग त्यांनी विचारलं की वासराला चालेल का, एक हातभर. कांताबाई नाही म्हणाल्या. पण पुढच्या रविवारी बोट नदीवर आणू तेव्हा तुम्हीही तीत बसा, असंही म्हणाल्या. गुणाबाईंना हे पटलं. सीटवर बसायचं की फळीवर, एवढंच त्यांनी खात्री करून घेतलं.

हर्षाने बूच फिरवून काढलं. उरलेलं पाणी भोकातून घाटाच्या दगडांवर पडू लागलं. ती पाणी संपेपर्यंत वाट बघत उभी राहिली. मग बूच ओढणीला पुसून ती ते पर्समध्ये टाकणार, तेवढ्यात समोर आईचा हात आला. उघडा, नुसताच धरलेला.

हर्षाने बूच त्या हातात ठेवलं. कांताबाईंनी पदराच्या टोकाला घालून गाठ मारली आणि दातांनी ओढून घट्ट केली.

"इतवारी मागजो," त्या म्हणाल्या, आणि ट्रॅक्टरवर चढल्या.